ओहोटीच्या खडकावर कोण कुठे राहतं, आणि ते मोजायचं कसं

खडकाळ किनाऱ्यावर जायचं असेल तर घड्याळाच्या आधी तिथी बघावी लागते. मुंबईपासून मालवणपर्यंत जुनी माणसं एक साधा हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पाऊणकीचा पाढा येत असेल तर बोटंही मोजावी लागत नाहीत. त्यापुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब बरोबर आहे, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते आणि तिथीही चंद्राबरोबरच सरकते.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे आणि बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. हेच उधाणाचे दिवस. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा ओहोटी भर दुपारी येते खरी, पण पाणी फार खाली जातच नाही. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावरचा अगदी खालचा खडक, जो फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडा पडतो, त्याला दुपारचं ऊन जवळजवळ कधीच लागत नाही. तो उघडा पडतो तेव्हा सूर्य एकतर उगवत असतो नाहीतर मावळत असतो.

मी हे आधी सांगतो आहे कारण ‘सजीवांवर परिणाम करणारे पर्यावरणीय घटक’ असं म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली यादी आठवते: तापमान, प्रकाश, पाणी, माती. यादी चूक नाही. पण खडकावर चिकटलेल्या शिंपल्याला ‘तापमान’ नावाची गोष्ट माहीत नसते. त्याला माहीत असतं ते अमुक महिन्यातलं, अमुक वाजताचं, इतक्या वेळाचं ऊन. घटक सुटे येत नाहीत, एकमेकांत अडकून येतात. ते सुटे करून बघण्यासाठी ओहोटीच्या खडकासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. डोंगरावर हवामान बदललेलं बघायला हजार मीटर चढावं लागतं. इथे दहा-पंधरा पावलांत समुद्राचा तळ संपून कोरडी जमीन लागते.

मालवणच्या बाजूला एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. खडपात एक मावशी कालवं काढत होत्या. हातात छोटी कोयती, कमरेला पिशवी. आमची पोरं वरपासून खालपर्यंत विखुरली होती आणि त्यांना काही सापडत नव्हतं. मावशी मात्र एकाच पट्ट्यात आडव्या सरकत होत्या. वरही जात नव्हत्या, खालीही नाही. एका मुलीने विचारलं, “मावशी, तुम्ही इथेच का शोधताय?” त्यांनी मान वर न करता सांगितलं, “वयर सुकतत, खाली शेवाळ. मधीच गावतत.”

वर सुकतात, खाली शेवाळ, मधेच सापडतात. किनारी जीवशास्त्राच्या एका मोठ्या निष्कर्षाचा अर्धाअधिक भाग या सहा शब्दांत आला आहे. वरची हद्द ठरवतं ऊन आणि कोरडेपणा. खालची हद्द ठरवतात शेजारी.

वरून खाली उतरून बघू. भरतीचं पाणी जेमतेम शिंतोड्यांपुरतं पोचतं त्या पट्ट्यात, खडकाच्या भेगांत, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या छोट्या शंखांच्या गोगलगायी असतात. त्या पाण्याशिवाय कितीतरी दिवस काढू शकतात. शंखाचं तोंड घट्ट झाकणाने बंद करतात आणि चिकट द्रवाच्या एका पातळ थेंबावर शंखाची कड टेकवून जवळजवळ लटकून राहतात. तापलेल्या खडकाला पाय लागू द्यायचा नाही, एवढीच युक्ती. त्याच्या खाली बार्नेकल, म्हणजे खडकावर पांढुरक्या खरबरीत फोडांसारखे दिसतात ते. अनवाणी चालणाऱ्याचे तळवे कापतात तेच. अनेकांना ते शिंपल्याचे भाऊबंद वाटतात, पण आहेत कोळंबी-खेकड्यांच्या कुळातले. पिल्लू असताना पोहतं, मग एकदा जागा निवडून डोक्याने खडकाला चिकटतं आणि आयुष्यभर तिथेच राहून पायांनी पाण्यातलं अन्न ओढत बसतं. त्याच्या खाली कालवांचा पट्टा. आणखी खाली शेवाळं, स्पंज, समुद्रफुलं, झोअँथिडच्या, म्हणजे समुद्रफुलांच्या नात्यातल्या वसाहती करून राहणाऱ्या जिवांच्या, हिरव्या-तपकिरी सतरंज्या, आणि पाणी फारच उतरलं तर काही ठिकाणी प्रवाळसुद्धा. मुंबईच्या हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत यावर कोस्टल रोडच्या कामापर्यंत कित्येक मुंबईकरांचा विश्वास नव्हता. २०२० साली त्यातल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या तेव्हा ती बातमी झाली.

लांबून बघितलं तर हे पट्टे भिंतीला वेगवेगळे रंग मारावेत तसे दिसतात. आता ते तसे का, हा प्रश्न.

पहिला घटक अर्थातच कोरडं पडणं. वरच्या पट्ट्यातला जीव दिवसातले वीस-बावीस तास हवेत असतो, खालचा महिन्यातून काही तास. पण ‘किती वेळ’ इतकंच महत्त्वाचं ‘कोणत्या वेळी’. याचा सुंदर पुरावा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आला. आपण समजू की उत्तरेकडे थंडी, दक्षिणेकडे गरम. पण २००२ साली ब्रायन हेल्मथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की उत्तरेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या काही जागांवरचे शिंपले दक्षिण कॅलिफोर्नियातल्यांपेक्षा जास्त तापू शकतात. कारण उत्तरेला उन्हाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या दुपारच्या सुमारास येतात, दक्षिणेला रात्री किंवा पहाटे. नकाशावरचं सरासरी तापमान बघून त्या शिंपल्यांबद्दल काहीही सांगितलं असतं तर उलटं ठरलं असतं. सकाळ-संध्याकाळच्या उधाणाच्या ओहोटीची ही मेहेरबानी आपल्या कोकणालाही मिळालेली आहे, फक्त आपण तिच्याकडे त्या नजरेने बघत नाही.

दुसरा घटक लाटा. ज्या टोकावर लाटा थेट फुटतात तिथे शिंतोडे उंच उडतात, म्हणून तिथले सगळे पट्टे वर सरकलेले आणि रुंद असतात. त्याच टेकाडाच्या आडोशाला, शंभर पावलांवर, तेच पट्टे खाली आणि अरुंद. समुद्राची पातळी दोन्हीकडे सारखीच.

तिसरा घटक खारटपणा, आणि तो आपल्याकडे मोसमी आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी ते झपाट्याने उतरतं. मे महिन्यात उलट होतं, खडकातल्या डबक्यांतलं पाणी आटून समुद्रापेक्षा जास्त खारट होतं. शिंपले-कालवं असल्या दिवसांत कवच मिटून घेतात आणि वाट बघतात. तारामासा आणि समुद्री अर्चिनना ती सोय नाही. त्यांच्या शरीरातलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या तंत्राने चालतं, म्हणून ते खाडीत आत जात नाहीत. जगात त्यांच्या कुळातली एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही. एवढा कडक नियम निसर्गात क्वचित दिसतो.

चौथा घटक खुद्द खडक. मुंबई-हरणैकडचा काळा बेसॉल्ट गुळगुळीत आणि तापणारा. सिंधुदुर्गाकडचा जांभा भोकाभोकांचा. जांभ्याच्या प्रत्येक भोकात थोडं पाणी, थोडी सावली. तेवढ्यावर एखादी जात एरवीपेक्षा हातभर वर चढून राहते.

व्हिक्टर शेल्फर्ड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१३ च्या सुमारास हे सगळं एका कल्पनेत बांधलं: प्रत्येक घटकाची प्रत्येक जातीला सोसवेल अशी एक खालची आणि एक वरची मर्यादा असते, मधे कुठेतरी तिचं सुख असतं. यातला एखादाच घटक मर्यादेबाहेर गेला तरी बाकीचे सगळे कितीही चांगले असोत, जीव तिथे टिकत नाही. कल्पना कामाची आहे. पण तिच्यात एक भोक आहे. तिच्या हिशेबाने कालवं खालच्या पट्ट्यातही असायला हवीत, कारण पाण्याखाली राहायला त्यांची काहीच हरकत नसते. तरी ती तिथे फारशी नसतात.

इथे शेजारी येतात. आणि इथे मला एका प्रयोगावर जरा रेंगाळायचं आहे, कारण शाळेत तो दोन ओळींत उरकतात.

स्कॉटलंडजवळच्या कंब्रे बेटावर जोसेफ कॉनेल हा तरुण अमेरिकन १९५० च्या दशकात खडकांवरचे बार्नेकल बघत होता. तिथे दोन जाती होत्या. लहान ‘थॅमॅलस’ वरच्या पट्ट्यात, मोठा ‘बॅलॅनस’ खालच्या. मधली रेघ अगदी स्पष्ट. सरळ निष्कर्ष असा निघाला असता की थॅमॅलसला कोरडं आवडतं आणि बॅलॅनसला ओलं. कॉनेलने निष्कर्ष काढायच्या आधी एक गोष्ट बघितली: थॅमॅलसची पिल्लं खालच्या पट्ट्यातही येऊन चिकटत होती, पण मोठी होत नव्हती. मग त्याने थॅमॅलस बसलेले दगड उचलून खालच्या पातळीवर नेऊन बसवले. प्रत्येक जागेचे दोन भाग केले. एका भागातले बॅलॅनस तो नियमित काढून टाकत राहिला, दुसऱ्या भागाला हात लावला नाही. प्रत्येक बार्नेकलची जागा नकाशावर टिपली आणि पुन्हा पुन्हा येऊन कोण जिवंत आहे ते बघितलं.

बॅलॅनस काढलेल्या भागात थॅमॅलस खालीही मजेत जगला. न काढलेल्या भागात बॅलॅनस भराभर वाढून त्याच्यावर चढला, त्याच्या कडेखाली घुसून त्याला उचकटलं, बाजूने दाबून चिरडलं. म्हणजे थॅमॅलसला वरचं कोरडं ‘आवडत’ नव्हतं. ती त्याची उरलेली जागा होती. बॅलॅनसला मात्र वर चढता येत नव्हतं ते खरोखर उन्हामुळे. १९६१ साली हे छापून आलं आणि तेव्हापासून खडकाळ किनाऱ्याबद्दल एक ठोकताळा सांगतात: वरची हद्द हवामान ठरवतं, खालची हद्द इतर जीव. अपवाद पुष्कळ आहेत, पण ठोकताळा म्हणून तो उत्तम आहे. आमच्या मावशींचा तर तो पोटापाण्याचा भाग होता.

इतर जीव म्हणजे फक्त जागेसाठी भांडणारे नव्हेत, खाणारेही. रॉबर्ट पेनने अमेरिकेच्या मकाह बे इथल्या खडकाच्या एका तुकड्यावरून तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. तारामासे शिंपले खात. ते गेल्यावर शिंपल्यांनी बाकीच्यांना रेटत सगळा खडक व्यापायला घेतला. १९६६ च्या त्याच्या लेखात १५ जातींच्या जागी ८ उरल्याची नोंद आहे. एकही जात थंडीने किंवा उन्हाने गेली नव्हती.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, एखादा जीव अमुक ठिकाणी दिसला तर “त्याला हे आवडतं” असं लिहू नका. तो तिथे आहे एवढंच लिहा. का आहे, हा वेगळा प्रश्न, आणि तो नुसतं बघून सुटत नाही. खडकावर वरून खाली जाताना ओलावा वाढतो, ऊन कमी होतं, लाटांचा मारा बदलतो, शेजारी बदलतात. सगळं एकदम. तुमची आकडेवारी यातल्या कोणत्याही घटकाशी छान जुळेल. जुळणं म्हणजे कारण नव्हे.

आता मोजणी

मोजायची गरजच काय, डोळे आहेत की? याचं उत्तर १८९८ साली नेब्रास्कात मिळालं. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोघे गवताळ माळांवर कोणती वनस्पती किती आहे ते नजरेने अदमास घेऊन लिहीत होते. पुढे त्यांनी जमिनीवर पाच मीटरचे चौकोन आखून एकेक रोप मोजलं आणि लक्षात आलं की सरावलेल्या नजरेचे अंदाजही सपशेल चुकत होते. ठळक, फुललेली वनस्पती नजर जास्त मोजते, बारकी आणि हिरवीगार कमी. तेव्हापासून चौकट टाकून मोजण्याची पद्धत रूढ झाली. (यातले पाउंड पुढे वनस्पतिशास्त्र सोडून कायद्याकडे गेले आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले. पुराव्याशिवाय नजरेवर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिकडेही उपयोगी पडली असावी.)

चौकट घरी करता येते. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे अर्ध्या मीटरचे चार तुकडे, कोपऱ्यांना चार एल्बो. पाइपला ठिकठिकाणी भोकं पाडायची, नाहीतर डबक्यात चौकट तरंगते आणि पोरं हसतात. दर दहा सेंटिमीटरवर आडवी-उभी सुतळी ओढली की आत २५ छोटे चौकोन होतात, प्रत्येक चौकोन म्हणजे चौकटीचा चार टक्के भाग. सुटे मोजता येतात असे जीव, उदाहरणार्थ गोगलगायी, मोजायचे. शेवाळ किंवा झोअँथिडच्या सतरंजीत ‘एक’ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगता येत नाही, तिथे किती टक्के जागा व्यापली ते बघायचं. चौकटीच्या कडेवर अर्धा आत, अर्धा बाहेर असलेल्यांचं काय करायचं हे आधीच ठरवायचं: वरच्या आणि डाव्या कडेवरचे घ्यायचे, खालच्या आणि उजव्या कडेवरचे सोडायचे. नियम कोणता यापेक्षा तो प्रत्येक वेळी तोच असणं महत्त्वाचं. नाहीतर जो मुलगा आकडा वाढवायला उत्सुक असतो तो सगळे अर्धे पूर्ण धरतो.

खरी अडचण पुढे आहे: चौकट टाकायची कुठे? पाठीमागे न बघता खांद्यावरून फेकायची, असं काही वह्यांत लिहिलेलं असतं. कृपया फेकू नका. एक तर कोणाला तरी लागेल. दुसरं म्हणजे फेकणाऱ्याला कुठे उभं राहायचं ते माहीत असतं, आणि तो नकळत सपाट, कोरड्या, ‘चांगल्या’ जागी उभा राहतो. त्यापेक्षा खडकावर एक टेप लांबीत आणि एक रुंदीत अंथरा, तांबोल्यातल्या १ ते २० च्या सोंगट्या पिशवीत घाला. पहिली सोंगटी लांबीचे मीटर, दुसरी रुंदीचे. जिथे आकडे सांगतील तिथे चौकट. तिथे नुसता बोडका खडक असला तरी तिथेच. वहीत शून्य लिहायचं. शून्य लिहिताना हात जड होतो हे मला माहीत आहे, पण शून्य हीसुद्धा नोंद आहे. शून्यं गाळली की सगळा किनारा जिवांनी भरलेला दिसायला लागतो.

किती चौकटी पुरेत? समजा एका प्रकारच्या गोगलगायींसाठी दहा चौकटींत असे आकडे मिळाले: ०, ०, ३, ४१, ०, ७, ०, ५८, २, ०. पाच चौकटींवर थांबला असतात तर सरासरी ८.८ आली असती. आठवर थांबला असतात तर १३.६. दहा झाल्यावर ११.१. आकडा अजून हेलकावे खातो आहे, म्हणजे काम संपलेलं नाही. प्रत्येक चौकटीनंतर सरासरी नव्याने काढायची आणि ती स्थिर व्हायला लागली की थांबायचं, ही सोपी रीत. पण त्या आकड्यांकडे पुन्हा बघा. सरासरी ११.१ असली तरी एकाही चौकटीत ११ च्या जवळपास काही नाही. एकतर काही नाही, नाहीतर गर्दी. जीव विखुरलेले नाहीत, घोळक्याने आहेत, हीच या तक्त्यातली मुख्य बातमी आणि सरासरीने ती गिळून टाकली.

घोळके का होतात? बार्नेकलचं कारण फार मजेदार आहे. जन्मभर एका जागी चिकटलेल्या प्राण्याला जोडीदार शोधायला जाता येत नाही, आणि सहसा एकट्याने भागत नाही. निसर्गाने त्याला शरीराच्या मानाने अफाट लांब लिंग दिलं आहे, तेवढ्या अंतरात शेजारी असेल तर वंश पुढे चालतो. म्हणून जागा शोधणारी पिल्लं मोठ्या बार्नेकलांनी मागे सोडलेल्या रसायनांचा माग काढून त्यांच्याजवळच चिकटतात. तुमच्या तक्त्यातल्या ० आणि ५८ च्या मागे असा संसार असतो.

सोंगट्या काढून चौकटी टाकण्याची पद्धत एकसारख्या जागेसाठी बरी. आपल्या खडकावर मात्र वरून खाली स्पष्ट बदल आहे हे आधीच माहीत आहे. तिथे दोरी लावायची, भरतीच्या वरच्या खुणेपासून पाण्याच्या कडेपर्यंत. मग दोरीवर ठरावीक टप्प्यांवर चौकटी. टप्पे मीटरभर अंतराचे न घेता उंचीचे घ्यावेत, कारण खडक कुठे सपाट असतो, कुठे एकदम कोसळतो, आणि त्या जिवाला अंतराशी नाही तर भरतीच्या पातळीशी देणंघेणं असतं. उंची मोजायला दुर्बीण लागत नाही. गवंडी पातळी काढायला पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात तीच घ्या. नळीचं एक टोक वर धरा, दुसरं खाली काठीला लावा, दोन्हीकडे पाणी एका पातळीत येतं. काठीवर आकडा वाचा. दर पन्नास सेंटिमीटर उतारावर दोरीच्या डाव्या-उजव्या बाजूला मिळून तीन चौकटी टाकल्या की पट्टे कागदावर उमटायला लागतात. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, गोव्याकडे साधारण दोन मीटर, म्हणून उत्तरेला हे काम जास्त लांबतं.

एका दोरीवरून तुम्हाला त्या दोरीबद्दल कळलं, किनाऱ्याबद्दल नाही. “लाटांच्या टोकावर कालवं जास्त, आडोशाला कमी” असं म्हणायचं असेल तर अशी अनेक टोकं आणि अनेक आडोसे बघावे लागतात. एकाच टोकावर तीस चौकटी टाकून तीस पुरावे होत नाहीत. पुरावा एकच, तीसदा मोजलेला. छापून आलेल्या कामातसुद्धा ही चूक सर्रास सापडते.

चालते-फिरते जीव चौकटीत थांबत नाहीत. त्यांच्यासाठी पकडून, खूण करून, सोडून, पुन्हा पकडायची रीत आहे. डेन्मार्कच्या पीटर्सनने १८९६ च्या सुमारास माशांवर खुणा करताना तिचा पाया घातला. समजा एका डबक्यातल्या ६० गोगलगायींच्या शंखाला नेलपॉलिशचा ठिपका लावला, तोही खालच्या बाजूला, नाहीतर पक्ष्यांना आयतं निशाण मिळतं. चार दिवसांनी परत येऊन ५० पकडल्या, त्यात १२ ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे पकडलेल्यांत १२ भागिले ५० हे प्रमाण, आणि तेच सगळ्यांत असावं. ६० गुणिले ५० भागिले १२: अंदाजे २५०. गणित इतकं सोपं आहे की त्याच्या अटी विसरल्या जातात. मधल्या काळात कोणी आलं-गेलं नसावं, ठिपका धुऊन गेला नसावा, खुणेमुळे कोणी जास्त मेलं नसावं, आणि खुणेवाल्या बाकीच्यांत नीट मिसळलेल्या असाव्यात. उधाणाच्या लाटांत यातली एक तरी अट मोडतेच. म्हणून हा प्रयोग भांगाच्या दिवसांत, शांत डबक्यात करावा.

वाघांचं तेच. पूर्वी पाऊलठशांवरून गणना व्हायची. २००४-०५ मध्ये राजस्थानच्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, तेव्हा ती पद्धत सोडावी लागली. २००६ पासून कॅमेरा सापळे आले. वाघाला नेलपॉलिश लावावं लागत नाही, पट्टे ही त्याची जन्मजात खूण. फोटोत कोण पुन्हा पुन्हा येतो त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज. २०२२ च्या गणनेतला देशाचा ३,६८२ हा आकडा असाच अंदाज आहे, हजेरीपटावरची संख्या नव्हे. ताडोब्यातला वाघ आणि डबक्यातली गोगलगाय एकाच सूत्राच्या घराण्यात मोजली जाते, याची मला अजून गंमत वाटते.

हल्ली मोबाइलवर फोटो काढून नोंदी करणारे खूप जण आहेत. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर नेतो, आणि शहराच्या कडेला काय काय आहे हे त्यामुळेच अनेकांना पहिल्यांदा दिसलं. त्या नोंदींतून ‘काय आहे’ ते भरपूर कळतं. ‘किती आहे’ ते कळत नाही, कारण फोटो सुंदर जिवाचा काढला जातो. समुद्री स्लगचे, म्हणजे बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींचे, शंभर फोटो आणि बार्नेकलचे चार, यावरून स्लग जास्त आहेत असं समजायचं नसतं.

बरोबर न्यायच्या गोष्टींत थर्मामीटर आणि क्षारता बघायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम. थर्मामीटर हवेत धरू नका, खडकाला टेकवा, भेगेत टेकवा, ओल्या शेवाळाखाली घाला. एकाच वेळी या तीन जागांचे आकडे इतके वेगळे येतात की ‘आजचं तापमान’ हा शब्दप्रयोग परत वापरावासा वाटत नाही. लाटांचा मारा मोजायला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सारख्या वजनाच्या वड्या करून खडकावर बसवतात आणि दुसऱ्या दिवशी किती झिजल्या ते तोलून बघतात. स्वस्त आणि मस्त. नोंदीत महिना विसरू नका. फेब्रुवारीतला किनारा आणि ऑगस्टमधला किनारा हे दोन वेगळे किनारे आहेत, आणि दिवसाचा आणि रात्रीचाही. खेकडे आणि ऑक्टोपस अंधार पडल्यावर जे काही करतात ते दुपारच्या चौकटीला कधीच कळणार नाही.

दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला जे चिकटलेलं असतं ते उन्हात तासाभरात मरतं. सुंदर नक्षीचा शंकूसारखा शंख दिसला तर उचलू नका, त्यातल्या काहींचा दंश जीव घेतो. प्रवाळांना आणि बऱ्याच समुद्री जिवांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणजे मोजा, फोटो काढा, पिशवीत घालू नका. पायात जुने बूट हवेत, चप्पल नको.

आणि काम खालून सुरू करा. बहुतेक नवखे वरून सुरुवात करतात, कारण ते वरूनच आलेले असतात, आणि खालच्या सगळ्यात श्रीमंत पट्ट्याशी पोचतात तेव्हा पाणी फिरलेलं असतं. पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटी पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या तासात ते एकूण उंचीच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन. पहिला तास फसवा असतो, समुद्र झोपल्यासारखा वाटतो. त्या तासात खालच्या चौकटी उरकून घ्यायच्या आणि मग पाणी जसं मागे लागेल तसं दोरीवरून वर यायचं, एकाने मोजायचं, एकाने लिहायचं, एकाने फक्त समुद्राकडे बघायचं. दोरीचं खालचं टोक सोडवायला परत कोणी उतरायचं नाही. ती उद्याच्या ओहोटीला मिळेल.